म्हात्रे पूल ते संगम, व्हाया १९६१

गेले तीन शनिवार-रविवार इथे काही लिहिणं झालं नाही. रिलीज होता, तो पुढे गेला, मग परत होता... चालायचंच. त्यामुळे शुक्रवारी रात्री आमच्या चालणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर "रविवारी सकाळी सहा, म्हात्रे पूल ते संगम, नदीकाठानं, एकदम सोपं, लहान मुलं आणली तरी चालतील" असा निरोप आला तेव्हा मी आधी हो म्हणून टाकलं आणि मग बायकोला विचारलं.

ऑफिसात एक हाडाचा ट्रेकर मित्र आहे. राजगड-तोरणा एका दिवसात करणाऱ्यांपैकी. त्याला सांगितलं तर म्हणाला, "अरे, सह्याद्री सोडून गटाराच्या कडेनं चालायला कशाला जातोस? आणि त्याला ट्रेक म्हणू नकोस बुवा." त्याचं चूक नाही. अंतर पाच-सहा किलोमीटर, चढ शून्य, पाण्याला वास. पण पुण्यात जन्म गेला आणि मुठा मी कायम पुलावरूनच पाहिली, तीही स्कूटर चालवताना अर्ध्या डोळ्यानं. एकदा तिच्या बाजूनं शहर बघावं असं फार दिवस मनात होतं.

जानेवारीचा शेवट, त्यामुळे सहाला अंधारच. स्वेटर, माकडटोप्या, एक-दोन टॉर्च. मोजून चौदा जण जमलो. सगळ्यात लहान पाचवीतली एक मुलगी, बाबांबरोबर आलेली, आणि सगळ्यात मोठे आमचे काका, वय शहात्तर. ग्रुपमध्ये त्यांना सगळे नुसतं काकाच म्हणतात, मीही इथे तसंच लिहितो. काका कायम पुढे असतात आणि वळून "आलात का रे?" असं विचारतात. आपल्याला धाप लागलेली असताना ते फार लागतं :-)

म्हात्रे पुलाजवळून खाली उतरलो. तिथून पुढे कुठे पायवाट, कुठे पात्रातला डांबरी रस्ता, कुठे राडारोड्याचे ढीग. उजव्या हाताला पेठा, डाव्या हाताला डेक्कन, मधे जलपर्णी. जरा उजाडल्यावर काठावर वंचक दिसले, गळ्यात मान घालून बसलेले, आणि उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे. मुलीनं विचारलं, "काका, इथं पोहता यायचं का?" काका म्हणाले, "आम्ही पोहायचो की. मी इथेच शिकलो. पाठीला डबा बांधून."

मग दहा पावलं गेल्यावर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "एकसष्टपर्यंत."

पुण्यात "एकसष्ट" एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. निदान माझ्या पिढीपर्यंत तरी लागत नव्हतं. त्या मुलीला मात्र सांगावं लागलं, आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की मला "पानशेत फुटलं आणि पूर आला" यापलीकडे फारसं काही माहीत नाही. घरी येऊन दोन रात्री वाचत बसलो. तेव्हा खालचं सगळं काकांचं थोडं, वाचलेलं थोडं, असं मिसळलेलं आहे.

तारीख १२ जुलै १९६१, बुधवार. पानशेतचं धरण आंबी नदीवर, पुण्यापासून चाळीसेक किलोमीटरवर. मातीचं धरण, उंची सुमारे ५० मीटर. बांधकाम पूर्ण व्हायचं होतं, तरी त्या पावसाळ्यात पहिल्यांदाच त्यात पाणी साठत होतं. धरणाच्या पोटातून पाणी सोडायचा जो मार्ग असतो त्याच्या दारांचं काम अर्धवट होतं. जुलैत जोराचा पाऊस झाला, पाणी भराभर चढलं, त्या अपुऱ्या मार्गातून ते धडाडत वाहू लागलं आणि त्याच्या बरोबर वरचा मातीचा भराव खचायला लागला. मातीच्या धरणाचं एक असतं, माथ्यावरून पाणी एकदा वाहायला लागलं की ते आपली वाट स्वतःच कोरून मोठी करतं. दगडी भिंत काही वेळ तरी टिकते, माती टिकत नाही.

आता हे जरा आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. पानशेतच्या खाली खडकवासला. ते १८७९ सालचं, म्हणजे तेव्हाच ऐंशी वर्षं उलटून गेलेलं दगडी धरण. फाइफ नावाच्या इंग्रज इंजिनियरनं बांधलेलं, म्हणून तलावाचं नाव बराच काळ लेक फाइफ. त्या बिचाऱ्याच्या हिशोबात वरचं अख्खं धरण एका सकाळी आपल्या अंगावर रिकामं होईल ही गोष्ट असणं शक्यच नव्हतं, कारण वर धरणच नव्हतं. दोन सर्व्हर एकामागे एक लावले, मागचा जुना, आणि पुढचा कोसळल्यावर त्याचा सगळा लोड मागच्यावर. खडकवासल्यानं काही तास तग धरला. माथ्यावरून पाणी वाहत होतं तरी उभं राहिलं, आणि मग फुटलं. (गंमत म्हणा किंवा काहीही म्हणा, नद्या-धरणांच्या प्रतिकृती करून त्यांच्यावर प्रयोग करणारी देशातली सगळ्यात जुनी संस्था, १९१६ सालची, याच खडकवासल्याला आहे. आणि एनडीएसुद्धा.)

पण मला अडकवून ठेवलं ते या सगळ्याच्या आदल्या रात्रीनं.

धरण खचतंय हे तिथल्या लोकांना फुटायच्या आधी दिसत होतं. लष्कराला बोलावलं गेलं. जवानांनी ११ जुलैची ती रात्र भर पावसात, खचणाऱ्या भरावावर वाळूची पोती रचण्यात घालवली. हजारांनी पोती. खालून माती बसतेय, वरून पोती चढतायत. धरण वाचलं नाही, वाचणार नव्हतंच बहुतेक. पण ते रात्री फुटलं नाही. फुटलं ते सकाळी, सातच्या सुमारास.

एवढाच फरक. अंधारात, सगळं शहर झोपेत असताना ते पाणी पेठांत शिरलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. त्या पोत्यांनी पुण्याला धरण दिलं नाही, पण एक सकाळ दिली. त्यानंतर खडकवासल्यानं आणखी काही तास दिले. पुराच्या आठवणींत पाण्याची उंची सगळे सांगतात, "अमक्याच्या वाड्याचा दुसरा मजला" वगैरे. हे तास कुणी मोजत नाही. मला वाटतं, त्या दिवसाचा खरा हिशोब तासांचाच आहे.

आम्ही लकडी पुलाखाली पोचलो तेव्हा सव्वासात होत होते. मुद्दाम नाही, पण मी घड्याळात पाहिलं. थर्मासातला चहा निघाला, कुणीतरी खारी आणली होती. पुलावरून एखाददुसरी बस जात होती. वरून मेट्रोची रिकामी रिकामी गाडी गेली आणि मुलीनं तिला हात केला.

लकडी पुलाची गोष्ट पुणेकरांना पाठ आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. परतणाऱ्या सैन्याला नदी ओलांडता यावी, किंवा त्यांनी गावातून तोंड लपवत यायला नको म्हणून (सांगणारा कोण त्यावर कारण ठरतं), नानासाहेब पेशव्यांनी इथं लाकडी पूल बांधायला लावला असं सांगतात. नानासाहेब त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर गेले. म्हणजे पराभवाची बातमी येण्यापासून ते हुकूम, सागवान, सुतार, पूल, एवढं सगळं पाच महिन्यांच्या आत. आमच्याकडे एवढ्या वेळात नुसत्या रिक्वायरमेंट्सवर सह्या होत नाहीत. असो. लाकूड कधीच गेलं, पूल दगडी झाला, नाव संभाजी पूल झालं, आणि पुणेकर अजून लकडी पूलच म्हणतात. तसंच पुढचा शिवाजी पूल. १९२३ साली झाला, लॉइड ब्रिज असं त्याचं नाव होतं, आणि शंभरी उलटून गेली तरी तो आपला "नवा पूल"च.

तर या लकडी पुलावर, १२ जुलैच्या सकाळी, बारा वर्षांचे काका उभे होते.

"शाळा सोडून दिली," काका चहा फुंकत म्हणाले. "का सोडली ते कुणी नीट सांगितलं नाही. कुणी म्हणे धरण फुटलं, कुणी म्हणे अफवा आहे, धरण कधी फुटतं का? मग आम्ही काय केलं असेल? पाणी बघायला इथं आलो. नुसती पोरं नाहीत रे, मोठी माणसं. छत्र्या घेऊन. पुलावर ही गर्दी."

"भीती नाही वाटली?" मी.

"कशाची? दर पावसाळ्यात यायचोच की पूर बघायला. नारळ टाकायच्या बायका. आम्हाला पूर म्हणजे बघायची गोष्ट. अंगावर येणारी नव्हे."

मी बरंच वाचलं त्यात हे पुन्हा पुन्हा येतं. पूल माणसांनी भरलेले, घाटावर माणसं. सातला धरण फुटलं. पेठांत पाणी शिरलं ते त्यानंतर काही तासांनी, दुपार व्हायच्या आत. मधे एवढा वेळ, भर दिवसाचा, शहरात टेलिफोन आहेत, रेडिओ आहे, पोलीस आहेत. आणि बारा वर्षांच्या मुलाला शाळेतून सोडलं जातं, पण कुठे जाऊ नको हे सांगितलं जात नाही. धरणावर जे आदल्या रात्रीच कळत होतं ते लकडी पुलावर सकाळी दहालासुद्धा अफवा होतं.

आम्ही ऑन-कॉल असतो तेव्हा पहिला धडा हाच असतो की अलर्ट वाजणं वेगळं आणि ज्यानं उठायला हवं त्यानं उठणं वेगळं. मॉनिटरिंग पाहिजे तेवढं असो. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "तुमचं ते इंग्रजी मला कळत नाही. आम्हाला वडिलांनी उठवलं."

वडील सायकलवरून आले. लकडी पुलावर पोराला शोधून काढलं, तिथेच एक ठेवून दिली (काका अजून गालाला हात लावतात) आणि नारायण पेठेत घरी आणलं. वाडा नदीपासून फार लांब नव्हता. खाली मालक, मागे-पुढे सात बिऱ्हाडं, त्यातलं एक यांचं. दोन खोल्या. तोवर बोळात पाणी आलं होतं, ते नदीच्या बाजूनं न येता गटारातून उलटं वर येत होतं. आई म्हणाली, देव घे. काकांनी देव्हाऱ्यातले देव पंचात बांधून घेतले. वडिलांनी आजीला पाठीवर घेतलं. आईनं धाकटी बहीण आणि का कोण जाणे, लोणच्याची बरणी. आणि सगळे चढाच्या दिशेनं, सदाशिव पेठेत मामांकडे.

"देव्हाऱ्याच्या मागं एक पत्र्याची पेटी होती," काका म्हणाले. "ती राहिली. कुणालाच आठवली नाही."

पेटीत भाडेपावत्या होत्या. बावीस वर्षांच्या.

तिथून आम्ही पुढे निघालो. झेड ब्रिज आणि त्याच्या शेजारी भिडे पूल, जो खरं तर पूल कमी आणि पात्रात घातलेला रस्ता जास्त. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की हा बुडतो, पेपरात फोटो येतो, आणि लोक काठावर उभे राहून मोबाइलवर व्हिडिओ काढतात. छत्र्या तेव्हाही होत्या, आताही आहेत.

ओंकारेश्वरापाशी थोडा वेळ थांबलो. मंदिर पेशवाईतलं, १७३० च्या दशकातलं. चिमाजी आप्पांची समाधी इथेच. जुन्या पुण्याचं स्मशानही याच काठाला होतं. १९६१ चं पाणी या सगळ्यावरून गेलं आणि मंदिर जागच्या जागी राहिलं, कारण दगड. वाडे राहिले नाहीत. वाड्याचा सांगाडा सागवानी, खांब-तुळया भक्कम, पण वरच्या मजल्यांच्या भिंती बहुतेक मातीच्या नाहीतर कच्च्या विटांच्या. त्या पाण्यात काही तास उभ्या राहिल्या की आतून विरघळतात. म्हणून पुष्कळ वाडे पाणी चढताना न पडता पाणी उतरताना पडले, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, माणसं आपलं सामान बघायला परत आल्यावर. काकांचा वाडा १४ तारखेला पडला. वडील बोळाच्या तोंडाशी उभे होते, पेटी मिळते का बघायला आलेले. आत जाणार तेवढ्यात मागची भिंत बसली.

किती माणसं गेली? आकडा नेमका कधीच ठरला नाही. हजारच्या आसपास हा अंदाज बहुतेक ठिकाणी दिलेला असतो. एवढ्या दाट वस्तीतून दोन धरणांचं पाणी गेलं हे लक्षात घेतलं तर तो कमीच म्हणायचा, आणि तो कमी असण्याचं कारण मी वर लिहिलं आहे. ती पोती रचणाऱ्यांचं नाव पुण्यातल्या किती जणांना माहीत असेल? मला माहीत नव्हतं की अशी पोती रचली होती हेसुद्धा.

पूर ओसरला तो त्याच रात्रीपर्यंत. पण खडकवासलाच गेल्यामुळे शहराचं पिण्याचं पाणीही गेलं. गुडघाभर गाळ आणि प्यायला थेंब नाही. काकांना आठवते ती हौदावरची रांग. पुण्याच्या पेठांतले हौद म्हणजे पुन्हा नानासाहेबांचंच काम, कात्रजच्या तळ्यातून उच्छ्वास बांधून जमिनीखालून गावात आणलेलं पाणी. ज्याचा लाकडी पूल कधीच गेला त्याच्या नळांवर दोनशे वर्षांनी रांग लागावी ही गोष्ट मला फार आवडली. इतिहासाच्या पुस्तकात मी पानिपताचा नानासाहेब वाचला होता, प्लंबिंगचा नाही.

पुढचा भाग पुण्याच्या नकाशावर अजून दिसतो. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते. पुनर्वसनाच्या कामावर त्यांनी स. गो. बर्वे यांना आणलं. कडक शिस्तीचे आयसीएस अधिकारी, आधी पुण्यात काम केलेले. शहर पेठांच्या बाहेर पसरलं ते खऱ्या अर्थानं तेव्हा. गोखलेनगर, लोकमान्यनगर, पर्वतीच्या बाजूच्या वसाहती, पूरग्रस्तांच्या सोसायट्या. गोखलेनगरला अर्धगोल पत्र्याच्या झोपड्या होत्या, लष्करी पद्धतीच्या, निसेन हट म्हणायचे त्यांना. काकांचं कुटुंब तिथे गेलं. "उन्हाळ्यात आत भाकरी नुसती ठेवली तरी भाजली असती," काका म्हणाले.

पण आधी तिथे जायला मिळायला पाहिजे ना! मालकाचा वाडा सगळ्यांना माहीत होता. भाडेकरू कोण, किती, कधीपासून, हे कागदावर दाखवायला हवं होतं. मालक स्वतःच्याच दुःखात होते आणि पावत्या गाळात. वडिलांनी रेशनकार्ड काढून दाखवलं, ते भिजून त्याच्यावरची शाई गेलेली. मग दोन साक्षीदार आणा. साक्षीदार म्हणजे शेजारी, आणि शेजारी तेव्हा गावभर विखुरलेले, एक शाळेत, एक धर्मशाळेत, एक थेट सांगलीला बहिणीकडे. काका शाळा बुडवून वडिलांबरोबर त्या रांगांत उभे राहिले आहेत. जागा मिळाली शेवटी. वाड्यातल्या दोन खोल्यांवरचा हक्क मात्र कधीच सिद्ध झाला नाही. त्या जागी आता चार मजली इमारत आहे. जाताना काकांनी ती लांबून दाखवली, थांबले मात्र नाहीत.

चौकशी झाली. न्यायमूर्ती बावडेकरांचा आयोग नेमला गेला, चौकशी चालू असतानाच त्यांचा मृत्यू झाला, मग न्यायमूर्ती नाईक आले. आयोगाच्या कामातून पुढे आलेली एक गोष्ट इंजिनियर म्हणून टोचते. धरणाच्या पोटातल्या त्या नळमार्गाला लोखंडी सळ्यांचं बळ नव्हतं, नुसतं काँक्रीट. तिथेच मार बसला. आणि काम पुरं व्हायच्या आधी पाणी साठवायची घाई. ही वाक्यं वाचताना मला आमचा तो पुढे ढकललेला रिलीज आठवला आणि पहिल्यांदाच त्या मॅनेजरबद्दल बरं वाटलं ज्यानं तो पुढे ढकलला. आमच्याकडे फुटलं तर फार तर एखादं पान उघडत नाही.

डेंगळे पूल ओलांडून संगमापाशी पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते. उन्हं चांगली वर आली होती. इथे मुळा येऊन मिळते. ५ नोव्हेंबर १८१७ ला, खडकीच्या लढाईच्या दिवशी, संगमाजवळचीच इंग्रजांची रेसिडेन्सी जाळली गेली आणि रेसिडेंट एल्फिन्स्टनची पुस्तकं त्यात खाक झाली. मी हे मोठ्या उत्साहानं सांगायला घेतलं होतं, पण मंडळींचं लक्ष नव्हतं. मुलगी काकांना विचारत होती, "मग परत फुटेल का?"

काका म्हणाले, "नाही गं. आता चार धरणं आहेत." आणि मग हसले, कारण ते बोलल्यावर त्यांच्याच लक्षात आलं की हे उत्तर होत नाही. पानशेत पुन्हा बांधलं, शेजारी वरसगाव, वर टेमघर, खाली खडकवासला.

धरण फुटायलाच लागतं असं नाही, हे मी त्या दोघांना सांगू शकलो असतो. २५ जुलै २०२४ ची पहाट. रात्रभर पाऊस, खडकवासला भरलेलं, विसर्ग वाढवत वाढवत ३५ हजार क्युसेकच्या आसपास नेला. धरण शाबूत, सगळं व्यवस्थित, फक्त पाणी सोडलं. आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. २००९ साली फ्लॅट घेतला, गॅलरीतून नदी दिसते म्हणून चौरस फुटाला थोडे जास्तच मोजून. त्या पहाटे आम्हाला उठवलं आमच्या वॉचमननं, काठी आपटत, प्रत्येक मजल्यावर जाऊन. मोबाइलवरचा सावधानतेचा मेसेज आला तोवर पार्किंगमधल्या स्कूटर तरंगत होत्या. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, म्हणून निभावलं. तळमजल्यावरचं कुटुंब आमच्याकडे येऊन बसलं. वहिनींनी मुलीला आणलं, मांजर आणलं. कागदांची फाइल राहिली. पुढे आठवडाभर त्यांचं खरेदीखत, मुलीचा जन्मदाखला आणि दहावीची मार्कलिस्ट आमच्या गॅलरीत दोरीवर चिमट्यांनी लावलेली होती, नदीकडे तोंड करून.

तेव्हा मी त्याकडे नुसती कटकट म्हणून पाहिलं होतं. संगमावर उभं राहून काकांची पेटी ऐकल्यावर घरी आलो आणि पहिल्यांदा आमच्या भागाचा पूररेषेचा नकाशा उघडला. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकतो त्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाच्या. फ्लॅट घेताना मी व्याजाचा दर चार बँकांत विचारला होता, फरशी कुठली ते विचारलं होतं, ही रेषा विचारली नव्हती. विकणाऱ्यानंही आपणहून सांगितली नाही, पण विचारणारा तरी कुठे होता. लाल रेषा आमच्या सोसायटीच्या सी विंगमधून जाते. आम्ही बी. म्हणजे आम्ही रेषेच्या आतच.

संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटलो. म्हटलं, पाणी सोडायची बातमी येते तेव्हा सगळ्यांना उठवायची जबाबदारी एकट्या वॉचमनवर नको, पाळ्या लावू. जुलै-ऑगस्ट, रोज रात्री दोन जण. ते म्हणाले, "अहो, अजून पाऊस पाच महिने लांब आहे." मी म्हटलं, म्हणूनच. शेवटी यादी लावू म्हणाले. पहिलं नाव माझंच घातलंय, ऑन-कॉलची सवय आहेच.

काकांना फोन करून विचारलं, यात लिहू का तुमचं? म्हणाले, "लिही. पण नाव नको. आणि ती थप्पड लिहिलीस तरी चालेल." 

पुढच्या रविवारी राजाराम पूल ते विठ्ठलवाडी आणि परत. सहा म्हणजे सहा. खारी मी आणतोय.